चिलखताच्या हातून मी वाचणार नाही

या, असे जवळ सरका. कीर्तन आणि गोष्ट लांबून ऐकली की अंगाला लागत नाही. आज मी तुम्हाला माझ्याच मरणाची गोष्ट सांगणार आहे. मी मरायला टेकले होते, आणि मला वाचवायला आलेल्यांना मीच हाकलून दिलं. हसताय ना, हसा. पण सगळं ऐकून मग हसा.

मी पुष्पाबाई, भोकरदनची. गावात कुठंही कीर्तन असू दे, पहिल्या रांगेतली जागा माझी. आमच्याकडं येणाऱ्या बऱ्याच महाराजांचे अंगरखे मैमूनाबी शिवते. तिचं शिलाईचं दुकान माझ्या भिंतीला भिंत लावून आहे. महाराज दोन्ही हात वर करून नाचले तरी तिचा अंगरखा वर चढत नाही की काखेत उसवत नाही, कारण काखेत ती एक चौकोनी तुकडा तिरका बसवते. म्हणते, "मानसानं हात वर केला आन् कपड्यानं खाली वढला, तर तो कपडा न्हाई, दुस्मन हाय."

तिची लेक नाहिद. वीस वर्षांची, कबड्डीत सगळ्या तालुक्याला माहीत असलेली. आता झालं असं, की भालचंद्र मास्तरांचा केदार पुण्याहून सिनेमाचं शिकून आला आणि इथंच पिक्चर काढायला बसला. दहा माणसांचं बळ अंगात आलेली भोकरदनची पोरगी, अशी गोष्ट. ते काम त्यानं नाहिदला दिलं. मला उलटलेल्या जीपमधल्या म्हातारीचं काम दिलं. "मावशी, तुम्ही काहीच करायचं नाही, नुसतं पडून राहायचं," म्हणाला. असलं सोपं काम जन्मात मिळालं नव्हतं.

नाहिदचा पोशाख मैमूनाबीनं शिवला. पंधरा दिवस लागले. जाड सुती कापड, गडद निळं. गुडघ्याला आणि कोपराला कापूस भरून गादीसारखे टाके घातलेले, आणि काखेत तो महाराजांचा तुकडा. नाहिदनं घालून दुकानातच दोन बैठका मारल्या, हात वर केले आणि आईला उचलून गरकन फिरवलं.

केदारनं पोशाख बघितला आणि नाक मुरडलं. "चाची, काम बारीक आहे. पण सुरकुत्या पडतात. जगातले सगळे सुपरहिरो आता चिलखतात असतात. कापडातला हिरो म्हणजे शाळेच्या गॅदरिंगमधला."

"सुरकुती पडती म्हन्जे आत कोनी तरी जित्तं हाय," मैमूनाबी म्हणाली.

केदारला ते पटलं नाही. जालन्यात मिरवणुकीच्या देखाव्यांसाठी फायबरचे पुतळे करणारा राधेश्याम आहे, त्याच्याकडून त्यानं चिलखत करून आणलं. छाती, खांदे, मांड्या, डोक्याला टोप, सगळं चकचकीत. दिसायला देखणं, खोटं कशाला बोलू. पण नाहिदला त्यात धड बसताही येईना.

मग केदारनं खरी गोष्ट सांगितली. संभाजीनगरच्या जिममधला आमेर नावाचा एक दांडगा मुलगा त्यानं आधीच बोलावून ठेवला होता. "उद्या हसनाबादजवळच्या नाल्यात जीपचा सीन आहे. नाहिद, एकदा तू करून बघ. जमलं तर ठीक. नाही तर चिलखतात आमेर राहील. टोपात तोंड कुणाला दिसतंय? टोप काढला की तुझं तोंड जवळून घेऊ."

नाहिद शांतपणे म्हणाली, "म्हन्जे काम त्यो करणार आन् मी नुसती घाम पुसणार. मंग पिक्चर माझा कसा, केदारभाई?"

"सगळीकडं असंच करतात."

"सगळीकडं करू द्या. भोकरदनात का?"

पण केदारच्या मनात ठरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे नाल्यात. नाला कोरडा, ऊन असं की दगडाला हात लावायची सोय नव्हती. एक जुनी जीप कुशीवर आडवी करून दगडांनी पक्की केलेली. मला आत घालून वरून ओढणी-बिढणी पसरली, कपाळाला लाल रंग लावला. मी आतून नामस्मरण करत राहिले.

नाहिद चिलखत घालून आली. खिडकीतून वाकून मला ओढायचं होतं, पाठीवर घ्यायचं होतं आणि नाल्याची चढण चढून रस्त्यावर ठेवायचं होतं. ती वाकायला गेली, तर चिलखतात कंबरच वाकेना. आडवं होऊन तिनं हात आत घातला, तर खांद्याचं फायबर खिडकीत अडकलं. पोरगी मागं हटणारी नव्हती. तिनं जोर लावला, मला धरलं, ओढलं. तिची ताकद मला कळत होती. पण चिलखताच्या छातीची कड माझ्या हनुवटीला घासली आणि लाल रंगाशेजारी खरं रक्त आलं. वरून "कट" म्हणून हाक आली.

"बघितलं ना," केदार म्हणाला. "जमत नाही. आमेर, चल, घाल."

नाहिद टोप काढून उभी राहिली. तोंड लालबुंद, ओठ घट्ट मिटलेले. रडली नाही. पण तिनं टोप खाली ठेवला, तो ज्या हळुवारपणे ठेवला, ते मला बघवलं नाही.

आमेर चिलखत चढवून खिडकीशी आला. गुणी मुलगा, त्याचा काय दोष? "सलाम, मावशी. हात द्या."

मी हात पोटाशी बांधून घेतले. "न्हाई देत."

"सीन हाय मावशी."

"असू दे. या चिलखताच्या हातून मी वाचणार न्हाई."

वर कुजबुज सुरू झाली. केदार घसरत खाली आला. "मावशी, असं काय करता? तुम्हाला वाचवायचंय."

"वाचवून कुनाच्या हातून घ्यायचं, ते जीपमंदी पडलेल्या मानसाला इचारलंस का तू? तू हिरोला काय शोभतं ते बघितलंस. हिरोला काय लागंल ते बी बघितलंस. ज्याला छातीशी धरायचं त्याला काय टोचंल, हे कोन बघनार? ही बघ हनुवटी."

"फोमची पट्टी लावू कडेला."

"पट्टी लाव, न्हाई तर गादी बांध. नाहिद माझी लेकच, तीच मला उचलंल. न्हाई तर मी हितंच मरते आन् तुझा पिक्चर बी."

आता चिलखत बसवायला आलेला राधेश्याम पुढं आला. तोही कीर्तनाला बसणारा, मला ओळखून होता. म्हणाला, "बाई, तुम्ही तर कीर्तनातल्या. सूर्यदेवानं आपल्या लेकराला जन्माबरोबर अंगावर चिलखतच दिल्तं की. देवाला कळत न्हवतं का?"

"दिल्तं," मी आतून म्हणाले. "आन् त्या लेकरानं ते अंगावरून सोलून दान केलं, तवा दुनियेनं हात जोडले. आता मी इचारते. भर सभेत एका लेकीची अब्रू जायला लागली, कोनी बी उठंना, तिनं देवाला हाक मारली. देवानं काय धाडलं, राधेश्याम? ढाल धाडली का?"

मीच पुढं सांगितलं.

"कापड धाडलं. वढणारा थकला, पन कापड संपलं न्हाई. आन् तुम्ही मला कापडाचा हिरो कच्चा असतो म्हून सांगता?"

काठावरून मैमूनाबी म्हणाली, "बिलकुल बराबर बोलून राह्यली." आणि पिशवी उघडून तिनं निळा पोशाख बाहेर काढला. कुणी आणायला सांगितला नव्हता. केदारला विचारलंही नाही. दोन ओढण्या धरून आडोसा केला आणि नाहिदला कपडे बदलायला लावले.

केदार म्हणाला, "एकदाच. प्रकाश उतरायच्या आत."

नाहिद आली ती वाऱ्यासारखी. खिडकीतून निम्मी आत. तिचा श्वास माझ्या कानाशी. "मावशी, गळ्यात हात टाक, घट्ट," म्हणाली. तिच्या खांद्यावर कापूस होता, त्यावर मी गाल टेकवला. खरं सांगते, तेव्हा कॅमेरा विसरले. चढणीच्या मध्यावर तिचा पाय दगडावरून निसटला. गुडघा धाडकन आपटला. मला वाटलं, गेलो दोघी. पण ती तशीच गुडघ्यावर थांबली, मला वर सरकवलं आणि उठली. आमेर मदतीला पुढं झाला, तर त्याला मान हलवून नको म्हणाली. रस्त्यावर मला उतरवलं, माझं लुगडं सारखं केलं, आणि मग खाली बसली.

सगळेच "कट" म्हणायला विसरले होते. गुडघ्यावरचं कापड फाटून कापूस बाहेर आला होता. आतला गुडघा नुसता लाल झालेला.

केदारनं तो बाहेर आलेला कापूस बोटानं दाबून बघितला. मग म्हणाला, "नाहिदच करेल. सगळं. कापडात." आणि लगेच पुढं, "पोस्टरला तेवढं चिलखत घालशील? उठून दिसतं."

"पोस्टरवर बी मीच राहीन," नाहिद म्हणाली. "आन् माझंच तोंड."

"मग गुडघा तरी असाच ठेवू. फाटका भारी दिसतो."

मैमूनाबीनं सुई आधीच ओवली होती. "फाटकं घालून माझी पोरगी पडद्यावर जानार न्हाई. तुला भारी दिसो का हलकं दिसो." आणि रस्त्याच्या कडेला, तापलेल्या दगडावर बसून तिनं लेकीचा गुडघा मांडीवर घेतला. राधेश्याम वाकून तिचे टाके बघत राहिला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "आपा, हा कापूस किती थराचा?" तिनं सांगितलं. लपवायचं असं तिच्याकडं काही नव्हतं.

पिक्चर अजून पुरा व्हायचाय. होईल तेव्हा नाहिद तुम्हाला दिसेलच. ती धावेल, वाकेल, कुणाला तरी पाठीवर घेईल, तुम्ही टाळ्या वाजवाल. वाजवा, तिचा हक्क आहे. पण टाळीला हात वर गेले की तेवढी एक विनंती माझी: भोकरदनच्या मैमूनाबीला मनात आणा. मी तर कीर्तनात बसले की रोज आणते. देवाचं नाव झालं की लगेच तिचं.