भिंतीवरचा पट्टा

टक टक.

दुपारच्या शांततेत चौकटीवर आवाज झाला आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "या बाबा, वाट मोकळी आहे."

दारात आमची ठमी उभी. चार वर्षांची. "आजोबा नाही काही, मी आहे," ती म्हणाली आणि आत आली.

सासऱ्यांना जाऊन महिना होत आला होता.

त्यांचा जन्म लोकांची घरं रंगवण्यात गेला. आमच्या भिंतींना मात्र वर्षानुवर्षं ब्रश लागला नाही. "बाबा, दिव्याखाली अंधार हो!" नवरा चिडवायचा. तोवर त्यांचे डोळे पार गेले होते. "अंधार मला आहे ना? मग तुझं काय पोट दुखतं?" त्यांचं उत्तर तयार असायचं.

पलंगापासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून गॅलरीपर्यंत ते भिंतीला तळवा लावून जायचे. घासून घासून कमरेच्या उंचीवर एक काळपट, तुळतुळीत पट्टा उमटला होता. त्याच्या बराच खाली दुसरा, बोटभर रुंद, फिका. ठमी चालायला शिकली ती आजोबांच्या मागे मागे, भिंत धरून.

आम्हालाही सगळ्यांना त्यांच्या सोयीनं वागायची सवय लागली होती. वाटेत चप्पल टाकायची नाही. खुर्ची हलवली तर परत जागच्या जागी. खोलीत शिरताना चौकटीवर दोनदा टकटक करायची, मग म्हणायचं, "मी आहे." बाबांनी टकटक केली की आतून सांगायचं, वाट मोकळी आहे. ऑफिसातही मी उघड्या दारावर टकटक करून "मी आहे" म्हणते. साहेब एकदा म्हणाले, "दिसतंय की बाई, चष्मा लावलाय मी!"

त्या रविवारी नवऱ्यानं रंगाचा डबा आणला.

"तेवढा पट्टा राहू दे ना," मी म्हटलं.

"अगं, सकाळी डोळे उघडले की तोच दिसतो. बाबा नाहीत हे रोज नव्यानं कळतं."

"आणि मला तो दिसला की वाटतं, आहेत. मोरीत गेलेत, येतील."

बाबांचा जुना ब्रश त्यानं भिजत घातला होता. दगड झालेले केस बोटांनी सोडवत तो बराच वेळ बसून राहिला. मग माझाच हट्ट गळून पडला. ज्याचा बाप गेलाय त्याच्याशी भिंतीवरून काय भांडायचं?

पहिला हात दिला. बाकी भिंत पांढरी झाली, पण पट्टा झाकला जाईना. हाताच्या तेलानं मुरलेली जागा ती, रंग धरेचना. ओलं असताना दिसेनासा व्हायचा आणि वाळलं की पिवळट होऊन पुन्हा वर यायचा. दुसऱ्या हातालाही तेच. नवरा ब्रश घेऊन भिंतीसमोर फतकल मारून बसला.

"बाबा, सोडा की आता," तो म्हणाला. हसत म्हणाला आणि ब्रश खाली ठेवला.

मीच उठले. साबणाचं पाणी आणलं, पॉलिश पेपर आणला. पट्टा मला हवा होता आणि मीच तो घासायला बसले. मग तोही आला. वरचा त्यानं घासला, खालचा मी. खालचा लगेच गेला. तो कधी उमटला ते मला दिसलंच नव्हतं, जाताना मात्र दिसला.

मग त्यावर पुन्हा एक हात दिला, आणि संध्याकाळपर्यंत भिंत कोरी झाली. छानच दिसत होती. घर मोठं झाल्यासारखं वाटत होतं, आणि थोडं दुसऱ्या कुणाचं.

ठमी शेजारून खेळून आली. टक टक. "मी आहे." हात आपोआप भिंतीकडे गेला आणि मध्येच थांबला. रंग ओला आहे हे तिला बजावलं होतं. ती आजोबांच्या पलंगाशी गेली. भिंतीकडे वर बघितलं, खाली बघितलं.

"आई," तिनं विचारलं, "आता आजोबांनी हात कुठे ठेवायचा?"