चौथी हाक

आर्लीनबाईंच्या घरात बाळाचं नाव कागदावर ठरत नसे. मागच्या पडवीत उभं राहून, छातीभर श्वास घेऊन, ओरडून ठरत असे.

नियम अगदी साधा. थोरल्यापासून सगळ्या भावंडांना ओळीने हाका मारायच्या आणि शेवटी नवं नाव जोडायचं. जीभ अडखळली, किंवा दोन नावं एकमेकांत मिसळली, की नवं नाव बाद. मक्याच्या पलीकडे खेळणाऱ्या पोराला आपली हाक कुठली ते कळायला नको? एकाला बोलावलं आणि दुसराच धावत आला, तर कितीही गोड नाव असेना, त्याचं काय लोणचं घालायचंय! बाईंच्या सासूने आपल्या पोरांची नावं अशीच ठरवली, बाईंनी आपल्या सहाही पोरांची अशीच ठरवली. प्रत्येक नावानंतर त्या थोडं थांबत. पोराने मान वर करून घराकडे बघावं, एवढाच वेळ. मग पुढचं नाव.

निकाल द्यायचं काम त्यांच्या यजमानांचं, मर्ल यांचं. ते पार तिकडे ट्रॅक्टरच्या शेडपाशी जाऊन उभे राहत. सगळी नावं सुटी सुटी ऐकू आली की डोक्यावरची टोपी उंच उचलत. नाही आली, तर हात खिशात. सख्ख्या नातवंडांच्या बाबतीतही म्हाताऱ्याने कधी मुरवत ठेवली नव्हती.

सप्टेंबरातला रविवार होता. चर्च झालं, जेवण झालं, अ‍ॅपल पायचा शेवटचा तुकडा कोणी घ्यायचा यावरून नेहमीची आग्रहाची लढाई झाली, आणि मंडळी पडवीत येऊन बसली. अमेरिकेतल्या आयोवात या दिवसांत मका डोक्याच्या वर गेलेला असतो. त्याच्या पलीकडे ओढ्यावर जनेलची दोन मुलं खेळत होती, दहा वर्षांचा वेस्ली आणि सात वर्षांची ग्रेटा. जनेल, म्हणजे या घरची धाकटी सून, पाय लांब करून झोपाळ्यावर बसली होती. आठवा महिना सरत आला होता. मुलगा आहे, हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं.

"चला, तिसऱ्याचं नाव ठरवू या," नणंद पेग म्हणाली. चर्चमधून आणलेल्या छापील कागदाच्या पाठीवर तिने यादी करून ठेवली होती.

तिसऱ्याचं! जनेलच्या काळजात नेहमीसारखी कळ आली. हा तिसरा नव्हता, चौथा होता. तिसरा थिओ. चार वर्षांपूर्वी जन्मला आणि नऊ दिवसांनी गेला. त्याचंही नाव याच पडवीत ठरलं होतं, त्यालाही मर्लनी टोपी उचलली होती. पण तो गेल्यापासून या घरात ते नाव कोणी उच्चारलं नाही. नाताळला आर्लीनबाई नातवंडांसाठी मोजे विणत, ते वेस्लीचे आणि ग्रेटाचे, बस. चर्चच्या कुटुंबवहीत जनेल आणि तिचा नवरा कर्टिस यांच्यापुढे दोनच मुलं लिहिलेली. सगळे म्हणत, बिचारीची जखम कशाला उकरा. बिचारीला कोणी विचारलं नव्हतं. आज सकाळी गाडीत बसताना जनेलने मनाशी पक्कं केलं होतं: हे बाळ चौथं म्हणूनच जन्माला येईल. कोणाच्या जागेवर बसणार नाही.

"ऑस्कर," पेगने वाचलं.

आर्लीनबाई कठड्याशी गेल्या. पंचाहत्तरीची बाई, पण गळा असा की शेजारच्या शेतातली गुरं मान वळवत. "वेस्ली!" थांबल्या. "ग्रेटा!" थांबल्या. "ऑस्कर!"

जनेल कान देऊन ऐकत होती. ग्रेटानंतर सरळ ऑस्कर. मधे काही नाही.

मर्लचे हात खिशात. "बरोबर आहे त्यांचं," बाई म्हणाल्या. "थांबलं तरी लांबून ग्रेटाऑस्करच ऐकू येतं. एकच पोरगी वाटते, आणि तीही जरा विचित्र. पुढचं सांग."

"ब्रॅडली."

"अगं, वेस्ली आणि ब्रॅडली! दोघं एकदम येतील, नाहीतर तू जा म्हणून एकही येणार नाही. डोकं कुठे ठेवलंस?"

एवढ्यात मक्यातून धापा टाकत दोघं पोरं उगवली. "काय झालं? पुन्हा जेवायचं?" वेस्लीने विचारलं.

"नाही रे राजा, तुमच्या भावाचं नाव ठरतंय. जा, खेळा."

"मग आम्हाला कशाला पळवता उगाच?"

"आजीने हाक मारली की पळायचं. का बिका विचारायचं नाही. जा!"

पोरं कुरकुरत परत गेली. पेगने कागदावर बोट फिरवलं. "लिओ."

"वेस्ली! ग्रेटा! लिओ!"

मर्लनी टोपी उचलली. नुसती उचलली नाही, दोनदा हलवली. पडवीत एकच गलका झाला. "वा! लिओ! काय सुटसुटीत नाव!" पेगने नावाभोवती पेनाने गोल केला. कर्टिस बायकोकडे बघून हसला, "झालं बाई एकदाचं. लिओ."

"नाही," जनेल म्हणाली.

"का गं? आवडलं नाही?" आर्लीनबाईंनी विचारलं.

"आवडलं. पण चालणार नाही. थिओ आणि लिओ. एकमेकांत मिसळतात."

पेगचं पेन कागदावरच राहिलं. झोपाळ्याची साखळी करकरत होती, तीही जनेलने पाय टेकवून थांबवली. कर्टिस तिच्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "आज राहू दे ना."

"चार वर्षं राहूच दिलंय, कर्टिस. अजून किती राहू देऊ?"

"जनेल." आर्लीनबाईंचा आवाज कोरडा झाला. "मी हाक मारते ती कोणीतरी यावं म्हणून. जो येणार नाही त्याला कशी हाक मारू? माझा गळा उठणार नाही त्याला."

"मग त्याच्या वेळी का मारली होती? इथेच उभ्या होतात तुम्ही."

"तेव्हा तो यायचा होता."

"आला की! नऊ दिवस आला होता, आई. माझ्या हातात होता. तुमच्याही होता." जनेलला रडू आलं, पण तिने ते डोळ्यांतून वाहू दिलं, घशात येऊ दिलं नाही. "मी चार मुलांची आई आहे. लोक विचारतात, कितवं? आणि मी भित्र्यासारखी तिसरं म्हणते. घरी येऊन अंघोळीच्या नळाखाली रडते. आता नाही म्हणणार. या मुलाला थिओच्या जागेवर ढकलायचं नाही मला. त्याची त्याची जागा आहे, ह्याची ह्याची."

"तुला त्रास होऊ नये म्हणूनच आम्ही नाव घेत नव्हतो गं," पेग पुटपुटली.

"मला माहितीये. पण नाव घेतलं नाही, त्याचाच त्रास होतो मला."

जनेल दोन्ही हातांनी झोपाळ्याची साखळी धरून उठली. कर्टिस मदतीला धावला, तिने त्याला बाजूला केलं. "यादीत पुढे काय आहे, पेग?"

"कॉनरॅड," पेग कशीबशी म्हणाली.

"सरका आई. तुमचा गळा उठत नसेल तर मी मारते हाक."

आर्लीनबाई सरकल्या. जनेलने कठड्यावर पोट टेकवलं आणि होता नव्हता तेवढा श्वास घेतला. "वेस्ली! ग्रेटा! थि…" आवाज फाटला. "…ओ! कॉनरॅड!"

शेडपाशी मर्लचा हात टोपीकडे गेला. त्यांनी टोपी काढली, पण वर उचलली नाही. छातीशी धरली आणि तसेच उभे राहिले. पडवीत काय बोलणं झालं ते त्यांना तिथे कुठून कळणार? पण नाव त्यांना ऐकू आलं होतं.

"उचलली नाही," जनेल नाक पुसत म्हणाली. "बरोबर आहे, माझा आवाज फुटला. पुन्हा मारते. टोपी वर जाईपर्यंत मारीन, मग अंधार पडला तरी चालेल."

तिने पुन्हा श्वास घेतला, तोच तिच्या खांद्यावर हात पडला. म्हातारा, खरखरीत, पिठाचा वास येणारा हात.

"हो बाजूला," आर्लीनबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "एवढ्या पोटाने कसली ओरडतेस? श्वास पुरतोय का तुला? या घरात हे काम माझं आहे."

त्यांनी कठडा घट्ट धरला. घसा खाकरला. एकदा खाकरला, दोनदा खाकरला. मग मक्याकडे बघून सुरुवात केली.

"वेस्ली!" थांबल्या.

"ग्रेटा!" थांबल्या.

"थिओ!"

आणि थांबल्या. जेवढं वेस्लीसाठी थांबल्या होत्या, ग्रेटासाठी थांबल्या होत्या, तेवढंच. पोराने मान वर करून घराकडे बघावं, एवढा वेळ. मका वाऱ्याने सळसळत होता, आणि सगळी पडवी त्या मक्याकडे बघत होती. जनेलने तोंडावर हात घट्ट दाबून धरला होता.

"कॉनरॅड!"

शेडपाशी मर्लनी टोपी उचलली. हात पूर्ण ताणून, जेवढी वर जाईल तेवढी. आणि खाली घेतलीच नाही.

तेवढ्यात पोरं मक्यातून बाहेर आली. ग्रेटाचे बूट चिखलाने भरले होते. तिने पायरीवर उभं राहून सगळ्यांकडे बघितलं, आईकडे, आजीकडे. मोठी माणसं अशी का रडतायत ते तिला कळेना.

"कॉनरॅड कोण?" तिने विचारलं.

थिओ कोण, ते दोघांपैकी कोणीच विचारलं नाही.

"तुमचा भाऊ," जनेल म्हणाली. "पुढच्या महिन्यात यायचाय."

वेस्लीने बोटांवर मोजलं आणि म्हणाला, "म्हणजे आम्ही चौघं."

"चौघं," आर्लीनबाई म्हणाल्या, आणि डोळे पुसून पेगवर खेकसल्या, "बघत काय बसलीस? लिओवरचा तो गोल खोड. आणि माझी लोकरीची टोपली आण. मोज्यांचे आणखी दोन जोड विणायचेत मला नाताळच्या आत."