एर्मेसचा सान मार्तिनो

गुरुवारच्या बाजारात डोंगरापलीकडून चेस्टनट विकायला एक बुटका माणूस येतो. त्याच्याशी मी कधी दोन वाक्यांपलीकडे बोलले नव्हते, कारण वजन करायला तो इतका वेळ लावतो की माझा धीर सुटतो. त्या दिवशी मागून कुणीतरी मला आडनावानं हाक मारली, ती त्यानं ऐकली आणि विचारलं, आमच्या गावात एर्मेस बोत्ताझ्झी राहतो, तो तुमचा कोण? भाऊ, मी म्हटलं.

"मग रविवारी येताय ना? एर्मेस सान मार्तिनो करतोय," तो म्हणाला आणि माझ्या हातात पिशवी देऊन पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मी इटलीत, पो नदीच्या काठी बोरेत्तोत जन्मले आणि इथेच साठीला आले. आमच्याकडे सान मार्तिनो करणं म्हणजे बिऱ्हाड हलवणं, दुसरं काही नाही. शेतमजुरांचं साल अकरा नोव्हेंबरला, सान मार्तिनो या संताच्या दिवशी संपायचं. ज्याला मालकानं ठेवलं नाही तो पलंग, चूल, कोंबड्या आणि पोरं गाडीत घालून दुसऱ्या मालकाकडे जायचा. गाड्या गेल्या, तसले मालकही गेले, शब्द राहिला. शेजारणीच्या पोरीनं मे महिन्यात फ्लॅट बदलला तरी आम्ही म्हटलं, पोरीनं सान मार्तिनो केला. तेव्हा एर्मेस रविवारी घर सोडतोय, हे मला लख्ख कळलं. कुठे जातोय ते विचारायला मी परत वळले, पण मध्ये सहा बायकांची रांग होती आणि मला रांग सोसत नाही.

फोन करून विचारता आलं असतं. पण फोन हीच तर आमच्यातली दुखरी जागा.

अकरा वर्षांपूर्वी आई अंथरुणाला खिळलेली होती. आठ महिने तिचं सगळं मी केलं आणि जूनमध्ये एर्मेसला म्हटलं, दहा दिवस तू सांभाळ, मला जरा जाऊ दे. तो बिचारा डोंगरातली खिंड ओलांडून आला. मी आणि माझी मैत्रीण अफ्रा सायकलींवर सामान बांधून स्पेनमध्ये एब्रो नदीच्या काठाकाठानं निघालो. सहाव्या दिवशी दुपारी फोन वाजला. वर एर्मेसचं नाव होतं. काय असणार ते मला कळलं, आणि उचलला तर परतावं लागेल हेही कळलं. मी फोन कापला, बंद केला, पिशवीच्या तळाशी घातला आणि आणखी दोन दिवस पॅडल मारत राहिले. त्या दोन दिवसांत आई गेली. एर्मेस एकटा होता. अंत्यविधीच्या वेळी मी त्याला सांगितलं, बॅटरी संपली होती. तो नुसतं "हं" म्हणाला.

त्यानंतर मी त्याच्या नजरेला नजर दिली नाही. नाताळला फोनवर दोन वाक्यं, संपलं. या अकरा वर्षांत मी सायकलवर डॅन्यूब पाहिली, रोन पाहिली, पोर्तुगालच्या टेकड्या पालथ्या घातल्या. लोक म्हणतात, इओनेसच्या पायाला भिंगरी आहे, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. फक्त एर्मेसच्या घरापर्यंतचे एकशेवीस किलोमीटर तेवढे मला जमले नाहीत. तो कुठे पळून जातोय, कधीही जाता येईल, असं मी मनाला सांगत आले. आता तो निघाला होता. दुसऱ्या गावी, अनोळखी दारात उभं राहून हे बोलायला मी कधीच जाणार नाही. मी स्वतःला चांगली ओळखते. सांगायचं असेल तर रविवारपर्यंत, नाहीतर तसंच मरायचं.

माझ्याकडे गाडी नाही, आणि दुसऱ्याच्या गाडीत हाताची घडी घालून बसले तर मी वाटेतच उतरले असते. सायकलवर निदान पाय कामात असतात. अफ्राला सांगितलं तेव्हा ती चादरी वाळत घालत होती. तिनं आधी विचारलं, नोव्हेंबरात, या धुक्यात, तू डोक्यावर पडलीस की काय? मग मी कशासाठी जातेय ते सांगितलं. एब्रोच्या काठी मी फोन कापला तेव्हा ती माझ्या मागेच होती. अकरा वर्षांत तिनं त्यावर एक अक्षर काढलं नव्हतं.

"मीपण येते," ती म्हणाली. "एकटी गेलीस तर अर्ध्या वाटेत तुला दुसरी एखादी नदी दिसेल."

शनिवारी सकाळी सातला निघालो. धुकं असं की अफ्राच्या सायकलचा मागचा लाल दिवा दिसत होता, अफ्रा दिसत नव्हती. मी एन्झा नदीच्या बांधावरचा रस्ता धरला. अफ्रा म्हणत होती, सरळ डांबरी रस्त्यानं जाऊ. पण आम्हा सपाटीवरच्या माणसांचा बांधावर देवापेक्षा जास्त विश्वास असतो. नदी वळते तसा बांध वळतो, हे मला काय ठाऊक नव्हतं? तरीही गेले. दोन तास पॅडल मारून पाहावं तर एकच घंटाघर कधी डावीकडे, कधी उजवीकडे.

"हे आता आपल्याला ओळखायला लागलंय," अफ्रा म्हणाली. "पुढच्या वेळी चहापाण्याचं विचारेल."

मी तिच्यावर खेकसले. मग ओळीनं लावलेल्या पॉप्लरच्या झाडांत माझं मागचं चाक पंक्चर झालं. थंडीनं बोटं बधिर झालेली, टायर रिमवरून सुटेना. मी टायरला शिव्या घालत होते आणि डोळ्यांसमोर एर्मेस ट्रकमध्ये पलंग चढवत होता. अफ्रानं शांतपणे माझ्या हातातून चाक काढून घेतलं आणि ट्यूब बदलली. त्यानंतर दिसेल त्या गावात तिला कॉफी हवी. दर वेळी मी दारात हेल्मेट न काढता उभी राहायचे आणि ती आत बसून कपाच्या तळाची साखर चाटायची.

दुपारनंतर टेकड्या सुरू झाल्या आणि धुकं खाली राहिलं. सान मार्तिनोच्या सुमाराला दोन-चार दिवस ऊब परत येते, तसं ऊन पडलं होतं. द्राक्षांचे मळे लाल-पिवळे झाले होते. दुसऱ्या कुठल्या वर्षी मी तिथे उतरून तासभर बसले असते. त्या दिवशी मला फक्त चढ दिसत होता. पायथ्याच्या गावात मुक्काम केला. मी काय जेवले ते मला आठवत नाही. अफ्राला आठवतं, भोपळ्याचं सारण भरलेले तोर्तेल्ली, कारण माझेही तिनंच खाल्ले.

सकाळी तिचा गुडघा सुजला होता. मी थांबते, तू जा, ती म्हणाली. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं आणि मी दहा मिनिटांत रस्त्याला लागले.

घाट लांब आहे. सगळ्यात हलक्या गिअरवर मी एकच वाक्य घोळवत होते, एका पॅडलला एक शब्द: बॅटरी, संपली, नव्हती. बारा वळणं झाल्यावर ते वाक्य इतकं गुळगुळीत झालं की त्यात काही अर्थ राहिला नाही. मग मी त्याला कारणं जोडायला लागले. आठ महिने मीच केलं होतं. मी दमले होते. तू शनिवार-रविवार पाहुण्यासारखा यायचास. सगळं खरं होतं, आणि त्यातलं काहीच सांगण्यासारखं नव्हतं. खिंडीच्या थोडं अलीकडे एक फाटा फुटतो आणि दुसऱ्या खोऱ्यात उतरतो. छान उतार, नवं डांबर. मी तिथे एक पाय टेकून उभी राहिले. अफ्रा काही चुकीचं बोलली नव्हती. मग एक ट्रक खिंडीकडून हळूहळू खाली आला. वर दोऱ्यांनी बांधलेलं कपाट होतं. तो एर्मेसचा असेल, म्हणजे सामान निघायला लागलं, या विचारानं मी उभ्यानंच पॅडल मारायला लागले.

पलीकडचा उतार ब्रेक दाबून दाबून उतरले. साडेबाराला गावात पोचले, आणि त्याच्या अंगणात पाहते तर मोठं टेबल बाहेर काढलेलं, बाकं बाहेर, खुर्च्यांवर खुर्च्या रचलेल्या, मागचं दार उघडं टाकलेली व्हॅन, दोन माणसं एक पिंप गडगडवत आणतायत. वेळेत पोचले, मी मनाशी म्हटलं.

त्याची बायको डेल्फिना त्याच खोऱ्यातली. ती एप्रनला हात पुसत आली. मला पाहून क्षणभर थबकली, मग जणू मी काल येऊन गेले होते तशी गालाला गाल लावून म्हणाली, अगं, उभी काय, बस ना.

"कुठे जाताय?" मी विचारलं.

"कुठे म्हणजे? कुठे जायचंय आम्हाला?" ती हसली आणि माझ्या हातात भाजलेल्या चेस्टनटची गरम ताटली दिली. "सान मार्तिनो नाही का आज? एर्मेसनं या वर्षी सगळ्या गल्लीला बोलावलंय. नवी वाईन उघडतोय."

व्हॅनमधून कुणीतरी पाव उतरवत होतं. खुर्च्या शेजाऱ्यांच्या होत्या. खिंडीच्या या बाजूला सान मार्तिनो करतात म्हणजे नवी वाईन पितात, चेस्टनट खातात, एवढंच. हे मलाही माहीत होतं, लहानपणापासून. पण एर्मेसच्या नावापुढे तो शब्द आला आणि मी तो आमच्या बोलीतला ऐकला.

तो कुठेच जात नव्हता. म्हणजे आज काही सांगायची गरज उरली नव्हती. मला लाज वाटते, पण मला केवढं हायसं वाटलं. चार चेस्टनट खावेत, पेला उचलावा, आणि ऊन आहे तोवर खिंड चढावी. पुढच्या वर्षी निवांत सांगू. पाय तर आधीच चुळबुळायला लागले होते.

तेवढ्यात एर्मेस तळघरातून वाईनचा मोठा बुधला छातीशी धरून वर आला. केस गेले होते, एका पायानं लंगडत होता. त्यानं बुधला टेबलावर ठेवला आणि आधी माझ्या सायकलकडे पाहिलं, सामानाच्या पिशव्यांकडे पाहिलं.

"या थंडीत? खिंडीवरून?" त्यानं विचारलं. "कशी काय आलीस?"

"बाजारात कुणी म्हणालं, एर्मेस सान मार्तिनो करतोय."

तो हसायला गेला आणि मध्येच थांबला. तोही बोरेत्तोचाच.

"तुला वाटलं मी निघालो."

"हो."

"आणि मी इथेच आहे हे माहीत असतं तर आली नसतीस."

"नसते आले," मी म्हटलं. आणि मग मागे फिरायला जागाच उरली नाही. "एर्मेस, तेव्हा बॅटरी संपली नव्हती. फोन मीच बंद केला होता."

डेल्फिना माणसं मोजत होती आणि कुणाला तरी आणखी बाक आणायला सांगत होती. एर्मेसनं खिशातून रुमाल काढून बुधल्याचं तोंड पुसलं. मग पुन्हा पुसलं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "दोनदा वाजला आणि कापला गेला. संपलेली बॅटरी असं करत नाही." त्यानं रुमाल घडी करून खिशात घातला आणि म्हणाला, "आईनं विचारलं, इओनेस कुठाय. मी म्हटलं, धुक्यात अडकलीय, येतेय. जूनचा महिना, इओनेस. तिनं मान डोलावली."

मी रडले. भरल्या अंगणात, हातात ताटली घेऊन. त्यानं मला जवळ घेतलं नाही, समजूत घातली नाही, फक्त लोकांकडे पाठ करून त्यांच्या आणि माझ्यामध्ये उभा राहिला.

"डेल्फिना तीन वर्षं मागे लागलीय," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "माझा गुडघा गेला, इथले चढ होत नाहीत. खाली समुद्राकडे लेकाच्या शेजारी घर बघून ठेवलंय. मीच नाही म्हणत होतो. म्हटलं, एवढ्या वर्षांत इओनेसला हे घर सापडेना, नवं कुठून सापडणार? आता करता येईल सान मार्तिनो. आपला. यांचा नव्हे."

"कधी?"

"बांधाबांध झाली की. सगळं घर काढायचंय. माणूस लागेल. थांबशील?"

"किती दिवस?"

"तुला पळून जावंसं वाटेल, त्याच्यानंतर एक दिवस," एर्मेस म्हणाला.

मला तर तेव्हाच वाटत होतं. मी ताटली टेबलावर ठेवली आणि सायकलच्या पिशव्या सोडायला घेतल्या.