रेणापूरच्या एसटीतला पितळी डबा

मी एक जुना पितळी डबा आहे हे ऐकून नाक मुरडू नका, मित्रांनो. तीन खण, एक कडी आणि बुडाला एक पोचा, एवढाच माझा संसार. पण एका मुलीचं नशीब एकदा माझ्यामुळे पालटलं आहे, त्यामुळे थोडा तोरा मला शोभतो.

लातूरच्या बाजारात एका कारागिराच्या हातोडीखाली माझा जन्म झाला. ठोके खाताना जीव नकोसा झाला होता. पण आतून कल्हई झाली आणि मी असा झळकलो की दुकानातल्या घागरी माझ्याकडे बघत राहिल्या. शिवकांताच्या माहेरच्यांनी मला तिच्या रुखवतात ठेवलं आणि मी तिच्याबरोबर रेणापूरजवळच्या एका गावात, मडिवाळप्पांच्या घरी नांदायला आलो.

बहात्तर साली पाऊस रुसला. विहिरींचे तळ दिसू लागले. घरची जमीन असलेली माणसंही दुष्काळी कामावर खडी फोडायला बसली, त्यांत शिवकांता होती. बाभळीला झोळी, झोळीत तिची दोन वर्षांची शिवकन्या आणि बुंध्याशी मी. माझ्यात कधी रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी असायची, तर कधी नुसतं पाणी. एकदा हातातली हातोडी खाली ठेवून शिवकांता शेजारणीला म्हणाली, "माझं लेकरू शिकंल बग. हे काम त्याच्या वाट्याला येऊ देणार न्हाई मी." मी ते ऐकलं आणि तेव्हापासून त्या लेकराला माझंच समजू लागलो.

पुढे ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. कामासाठी उस्मानाबादला खेटे घालणारी माणसं खूश झाली. नवी हापिसं आली, नव्या पाट्या लागल्या आणि आमच्या फाट्यावर सकाळची एसटी थांबू लागली. शिवकांतानं नवऱ्याच्या मागे टुमणं लावलं, "जिल्हा दारात आला. आता तरी पोरीला लातूरच्या साळंत पाठवा."

मडिवाळप्पांचं गावात किराण्याचं दुकान. माणूस चांगला, पण आईच्या शब्दाबाहेर नाही. आणि त्यांची आई सिद्धम्मा म्हणजे तापला तवा. "पोरीला येवढं शिकवून काय करायचंय?" असं म्हणून तिनं पाठ फिरवली. बऱ्याच रुसव्याफुगव्यांनंतर असं ठरलं की पोरीला मॅट्रिकपर्यंत शिकू द्यायचं. मात्र मॅट्रिकला नापास झाली, तर सरळ घरी आणून उदगीरच्या एका दुकानदाराच्या घरी सून म्हणून द्यायचं.

शिवकन्या आठवीपासून लातूरला आपल्या आत्याकडे, शरणम्माकडे राहू लागली. आत्या थकलेली, तिला चूल झेपत नव्हती. म्हणून जेवण गावाहून जायचं. आमच्याकडे ही रीतच आहे. सकाळी फाट्यावर आईबाप डबे घेऊन उभे राहतात. कंडक्टर ते ड्रायव्हरशेजारी इंजिनावर रांगेनं ठेवतो आणि लातूरच्या स्टँडवर पोरं आपापला डबा उचलून नेतात. संध्याकाळच्या गाडीनं आम्ही रिकामे होऊन घरी परततो. त्या रांगेत स्टीलचे नवे डबे मला म्हातारा म्हणून चिडवायचे. मी लक्ष द्यायचो नाही. माझ्यातलं धपाटं लातूर येईपर्यंत गरम राहायचं, त्यांचं नाही.

आमचा कंडक्टर रामकिशन, आवाजानं दांडगा. शिवकांता मला त्याच्या हाती देताना रोज एक निरोपही द्यायची, "पहिला नंबर आण म्हनावं." रामकिशन तो निरोप इमानदारीनं पोचवायचा. अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा बेतानं तो ओरडायचा, "शिवकन्ये, मायनं सांगितलंय, पहिला नंबर!" सुरुवातीला पोरगी हसायची. दहावीच्या वर्षी मात्र तिचं हसू आटलं. सहामाहीत ती गणितात नापास झाली आणि तिनं ते घरी कुणालाच सांगितलं नाही.

त्या दिवसांत काय घडायचं ते फक्त मला ठाऊक होतं. शिवकन्या मला घेऊन स्टँडच्या मागच्या कडुलिंबाखाली जायची, दोन घास कसेबसे गिळायची आणि बाकीचं एका तांबड्या गाईपुढे ठेवायची. मित्रांनो, माझा अपमान राहू द्या, पण आईनं पहाटे उठून थापलेली भाकरी गाईनं मटकवावी? मला ओरडावंसं वाटायचं. पण पितळेला जीभ नसते. पोरगी मला स्वच्छ धुऊन गावी धाडायची आणि घरी सिद्धम्माही म्हणायची, "चांगली जेवून राहिली की पोरगी."

एका संध्याकाळी शिवकांता माझं झाकण उघडून बराच वेळ आत बघत बसली. मग नवऱ्याला म्हणाली, "ही भाकर आपल्या लेकीनं खाल्ली न्हाई."

"डबा तर रिकामा हाय," मडिवाळप्पा म्हणाले.

"तेच तर म्हनते. ती करपलेली कड कवाच खात न्हाई. लहानपनापासून ताटात ठेवती, डब्यात बी ठेवायची. चार रोज झाले, कड बी येऊन न्हाई राहिली. जेवलं ते दुसरंच कुनीतरी."

दुसऱ्या दिवशी तिनं मला रामकिशनकडे दिलंच नाही. ती स्वतः गाडीत बसली आणि मला मांडीवर घेतलं. इंजिनाऐवजी सीटवर बसून जाण्याचा मान मला तेव्हा पहिल्यांदा मिळाला. लातूर आलं. उतरण्याच्या गर्दीत शिवकांता मागे अडकली आणि रामकिशननं सवयीनं दारातून आरोळी ठोकली, "शिवकन्ये, पहिला नंबर!" खिडकीतून शिवकांताला लेकीचं तोंड दिसलं. ते असं उतरलं की शिवकांतानं मला छातीशी घट्ट धरलं. तिच्या काळजाची धडधड माझ्या तिन्ही खणांत ऐकू येत होती.

लिंबाखाली दोघी बसल्या. आईला अचानक बघून शिवकन्येच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"माय, मी गणितात नापास झाले. मला न्हाई जमायचं. मला घरी ने."

"आन् जेवन?"

"घास उतरत न्हाई. तुझा निरोप ऐकला की डबा उघडावासाच वाटत न्हाई."

शिवकांतानं माझं झाकण उघडलं. मग भाकरीचा तुकडा मोडून लेकीच्या तोंडापुढे धरत म्हणाली, "हे वझं मीच धाडून राहिले व्हते की गं रोज. खा आदी. मंग साळंत जाऊ."

शाळेत गणिताचे साहेबराव सर भेटले. ते म्हणाले, "ही कधी काही विचारतच नाही. मला वाटलं, हिला येतं." शिवकांता म्हणाली, "आता इचारंल. पर गुरुजी, चुकली तर हसू नका." सर हसले नाहीत. शाळा सुटल्यावर ते तिला पहिल्यापासून शिकवू लागले.

आणि रविवारी पोरगी गावी आली की दुसरी शाळा भरायची. शिवकांता ज्वारी निवडत बसायची आणि लेकीला म्हणायची, "या आठवड्यात शिकलीस ते मला सांग." पोरगी बीजगणित सांगायची. शिवकांताला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मधेच तिचा हात थांबायचा. "हितं तू घाई केलीस. हितं तुला पक्कं येत न्हाई. पुन्यांदा सांग." आणि खरोखर तिथंच घोळ असायचा. पोरगी वैतागायची, हसायची, पुन्हा सांगायची. सिद्धम्मा आधी नाक मुरडत होती, मग तीही जवळ सरकून ऐकू लागली.

रामकिशनचा निरोपही बदलला. "शिवकन्ये, शेंगाची चटणी हाय, मैत्रिणीला बी दे!" हा निरोप स्टँडभर ओरडायला त्याला आधी लाज वाटली, मग गोडी लागली. माझ्यात आता करपलेल्या कडा परत येऊ लागल्या. त्या बघून शिवकांता पदरानं मला पुसायची.

जूनमध्ये निकाल लागला. त्या दुपारी फाट्यावर गाडी थांबली आणि हॉर्न वाजतच राहिला. रामकिशन छापलेला निकाल नाचवत गावात धावत आला. शिवकन्या पहिल्या वर्गात पास झाली होती. गुणपत्रिका आली तेव्हा गणितात ब्याऐंशी गुण निघाले. गावातली मॅट्रिक झालेली ती पहिली मुलगी. हलगी आली, गुलाल आला. मडिवाळप्पांनी मला पेढ्यांनी गच्च भरलं आणि दुकान उघडं टाकून घरोघर फिरले. त्यांच्या हातात मी जसा मिरवलो, तसा लग्नातही मिरवलो नव्हतो.

त्याच आठवड्यात उदगीरहून विचारणा आली. ओसरीवर सगळे मडिवाळप्पांच्या तोंडाकडे बघत होते. ते काही बोलण्याआधी सिद्धम्माच खणखणीत आवाजात म्हणाली, "सांगा त्यास्नी, आमची पोरगी कालिजात चालली. तिला येळ न्हाई."

शिवकांता आत माजघरात होती. तिनं ते ऐकलं आणि चुलीपुढे बसून ती आनंदानं रडली.

पुढे शिवकन्या कॉलेजात गेली, लातूरच्याच एका शाळेत गणित शिकवू लागली. माझी कडी निखळली आहे, कल्हई केव्हाच उडाली आहे आणि कल्हईवाला गावात फिरकत नाही. मी फडताळात बसून असतो. कुणी चिंच लावून घासलं तर बरं वाटेल, नाही असं नाही. पण त्याहून मोठं एक मागणं आहे. कधी घास उतरला नाही, कधी पेपर अवघड गेला, तर डबा रिकामा करून, धुऊन घरी नेऊ नका, मित्रांनो. उरलेलं तसंच न्या आणि आईला दिसू द्या.