गोगलगायीची माफी

माझा नवरा टीव्हीच्या मालिका लिहितो आणि मी लोकांचे दात काढते. आमच्या दोघांत लोकांना जास्त त्रास कोण देतं, याबद्दल आईचं मत पक्कं आहे. मला ती सूट देते, कारण मी आधी भूल देते.

आई तीस वर्षं कोर्टात स्टेनो होती. चोर, भामटे, भावाला विष घालणारे, सगळ्यांच्या जबान्या तिच्या बोटांखालून गेलेल्या. निवृत्त होऊन ती आमच्याकडे राहायला आली आणि जावयाच्या नायकाला तिने पहिल्याच आठवड्यात नापास केलं. "सारखा खिडकीतून बाहेर बघतो. ह्याला कामधंदा नाही का काही?"

खलनायकावर मात्र तिचा जीव जडला. मालिकेत त्याला सगळे गोगलगाय म्हणायचे. गोगलगाय अन् पोटात पाय, त्यातला. आवाज कधी चढवायचा नाही. समोरच्याला "झोप झाली का नीट?" असं मायेने विचारायचा आणि मग त्याचा काटा काढायचा. तो पडद्यावर आला की आई चष्मा पुसून घ्यायची. मी दमून घरी येऊन काही सांगायला लागले तर म्हणायची, "थांब गं, तो बोलतोय."

मग एका सोमवारी वाहिनीच्या साहेबांचा फोन आला. गोगलगायीचं काम करणाऱ्या नटाला साबणाची जाहिरात मिळाली होती आणि साबणवाल्यांना दुष्ट माणूस नको होता. तेव्हा येत्या भागात गोगलगायीने ढसाढसा रडून घरादाराची माफी मागायची.

नवऱ्याने निमूटपणे सहा पानं लिहिली आणि वाचायला आईकडे दिली. हात दाखवून अवलक्षण.

"जावईबापू," आई म्हणाली. ती 'जावईबापू' म्हणाली की समजावं, आज कुणाची धडगत नाही. "हा कोण?"

"गोगलगाय. पश्चात्ताप झालाय त्याला."

"कशाने?"

"साबणाने," मी म्हटलं.

आईने पानं टेबलावर आपटली. "तीन पानं नुसता रडतोय! अहो, सख्खा भाऊ गेला तेव्हा ह्याने डोळ्यातून टिपूस काढला नव्हता."

नवरा वैतागला. "आई, तो नालायक माणूस आहे. तुम्हाला त्याचा एवढा पुळका कसला?"

आईने चष्मा काढला. "तुमच्या मालिकेत अठरा माणसं आहेत. सतराजण समोरचा कधी गप्प बसतो आणि आपण आपलं घोडं कधी दामटतो, याची वाट बघत असतात. हा एकटा ऐकतो. धाकट्या सुनेला जिन्याची भीती वाटते, हे तिच्या नवऱ्याला ठाऊक नाही, ह्याला ठाऊक आहे. म्हणून तर नेमकं कुठे टोचायचं ते त्याला कळतं. कोर्टात मी असे दोघं पाहिले. दोघांनीही मला माझं नाव विचारलं होतं. तीस वर्षांत एकाही न्यायाधीशाने विचारलं नाही."

'गोळी घेतलीस का?' सोडून मी आईला शेवटचं काय विचारलं होतं, ते मला काही केल्या आठवेना.

"मग तुम्हीच लिहा," नवरा पुटपुटला.

"मी सांगते. तुम्ही लिहून घ्या," आई म्हणाली, आणि जन्मभर दुसऱ्यांचं लिहून घेतलेली ती बाई ऐटीत खुर्चीला टेकून बसली.

तिच्या गोगलगायीने एक अश्रू गाळला नाही. तो एकेकापुढे उभा राहिला. धाकटीला म्हणाला, "जिना उतरताना तुझा हात थरथरतो, ते मला दिसायचं. तरी मी तुला वरची खोली दिली. चुकलो." असं एकेकाचं नेमकं दुखणं काढून माफी. शेवटी सगळे त्याच्या गळ्यात पडून रडले आणि थोरलीने आपण होऊन घराच्या किल्ल्या त्याच्या हातात ठेवल्या.

साहेबांनी वाचून फोनवरच नाक शिंकरलं. "काय पश्चात्ताप आहे हो!" साबणवालेही खूश.

भाग लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीतली बाई तोंडात कापूस असूनही सांगत होती, "थुधारला हो थो!" बाहेर बाकावरून एक सुजलेला गाल ओरडला, "कसला सुधारतोय! किल्ल्या घेतल्या ना त्याने!" दवाखान्यात दोन तट पडले. दाढ उपटायची राहिलीच.

पुढच्या आठवड्यात तो नट आभार मानायला घरी आला. आईने ठेवणीतले कपडे घातले, दोनदा केस विंचरले. तो दीड तास बसला. स्वतःच्या गुडघ्याबद्दल बोलला, आहाराबद्दल बोलला, मग दुसऱ्या गुडघ्याबद्दल. आईने एकदाच सुरुवात केली, "मी कोर्टात असताना..."

"कोर्टाचा एक सीन मीही केलाय!" तो म्हणाला, आणि तो अख्खा करून दाखवला.

तो गेल्यावर आई बराच वेळ कपबशा विसळत राहिली.

"कसा वाटला?" मी विचारलं.

"चांगला माणूस आहे बिचारा," ती म्हणाली. तिच्या तोंडून इतकी मोठी शिवी मी आजवर ऐकली नव्हती.

हल्ली सकाळी दहा ते बारा सासू-जावई जेवणाच्या टेबलाशी बसतात. कथेत एक नवी आत्या येणार आहे. ती काय काय उद्योग करेल यावर काल इतकं भांडण झालं, की शेजारीण विचारायला आली, कोण आत्या?