तळाचे चार थेंब

राजदीपने फ्लास्कखालच्या मँटलची, म्हणजे विजेच्या शेगडीची, कळ आणखी पुढे सरकवली. फ्लास्कमध्ये सायक्लोहेक्झीन जेमतेम चमचाभर उरलं होतं, पण प्रात्यक्षिक परीक्षेत वाफ थंड करून जितकं द्रव गोळा होईल तितके गुण. मग हात आखडता कोण घेईल?

रसायनशास्त्र शिकवणाऱ्या हुमाचं लक्ष त्याच्या टेबलावरच्या सायक्लोहेक्झीनच्या बाटलीकडे गेलं. मानेपाशी पांढरट कड धरली होती.

"आधारभाऊ, बाटली नवीच दिलीत ना?"

"नवीनच शे, मॅडम," प्रयोगशाळेचे परिचर आधारभाऊ म्हणाले. "मागली उरेल व्हती, तीबी हिच्यात टाकी दिन्ही."

हुमा झटकन राजदीपकडे वळली. सहा कार्बनचं कडं आणि त्यात एकच दुहेरी बंध, असं ती दरवर्षी फळ्यावर काढायची. त्या बंधाशेजारची जागा मोठी हावरट. अर्धी बाटली पडून राहिली की हवेतला ऑक्सिजन ओढून घेत राहते आणि त्यातून पेरॉक्साइड तयार होतं. ते वाफेबरोबर जात नाही, तळाशी साचतं. आणि तळ कोरडा पडला की स्फोट.

"राजदीप, मागे हो! सगळे बाहेर चला, आत्ताच्या आत्ता!"

"मॅडम, परीक्षा चालू आहे," चाळीसगावहून आलेले परीक्षक बोरसे सर कडाडले. "हा काय तमाशा?"

पुढच्याच आठवड्यात हुमाच्या तासिका तत्त्वावरच्या नेमणुकीचं नूतनीकरण होतं. तरी तिने पुढे होऊन मँटलची विजेची पिन काढली आणि सर्वांत शेवटी बाहेर पडली.

फ्लास्क निवेपर्यंत तिने कोणाला आत जाऊ दिलं नाही. मग तिने बाटलीतले चार थेंब आम्ल घातलेल्या पोटॅशियम आयोडाइडमध्ये सोडले. रंगहीन पाणी बघता बघता गडद तपकिरी झालं, म्हणजे पेरॉक्साइड भरपूर होतं. बोरसे सर दोन पावलं मागे सरकले.

"जुनं नव्यात ओतलं कोणी?" त्यांनी विचारलं.

आधारभाऊंनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. जूनमध्ये ते निवृत्त होणार होते.

"चूक मनी शे, साहेब."

ते खाली बघत उभे होते. हुमाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत कपाट आवरताना 'वाया कशाला घालवता, ओता यातच' असं त्यांना कोणी सांगितलं होतं, ते फक्त दोघांनाच ठाऊक होतं. हुमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बोरसे सरांनी अहवालाचा कागद तिच्यापुढे सरकवला.

"जबाबदार व्यक्तीचं नाव लिहा."

तिने ठळक अक्षरात नाव लिहिलं. बोरसे सरांनी चष्मा वर केला.

"मॅडम, हे तर तुमचं नाव आहे."

"हो, सर," हुमा म्हणाली आणि तिने पेन त्यांना परत केलं.