दाजी सध्या काय वाचतात

पनवेलच्या वाचनालयात त्या काळी एक रीत होती. शनिवारी संध्याकाळी पुस्तक बदलायला येणाऱ्याने आधी सतरंजीवर बसायचं, सध्या आपण काय वाचतो आणि का वाचतो ते चार माणसांत सांगायचं, आणि मगच नवं पुस्तक न्यायचं. ही रीत ग्रंथपाल कमळाकर मास्तरांनी घातली होती. पुस्तक नेऊन महिनाभर उशाशी ठेवणाऱ्या आणि तसंच कोरं परत आणणाऱ्या लोकांवर त्यांचा राग होता, आणि तो रास्तच होता. काय वाचतो ते सगळेच सांगत. का, असं विचारलं की भल्याभल्यांची दातखीळ बसे. वकीलसाहेब तर या प्रश्नापायी दोन महिने वाचनालयाकडे फिरकले नव्हते.

रोडपालीचे दाजी मात्र कधी अडखळले नाहीत. मिठागरावर उन्हात रापलेला, साठीला आलेला हा माणूस दर शनिवारी खाडीच्या बांधावरून चालत यायचा, सतरंजीच्या कडेला बसायचा आणि पाळी आली की म्हणायचा, "व्रतांच्या कथा वाचतो. मनाला बरं वाटतं." लोक माना डोलवत. वकीलसाहेब उघड म्हणत, की बघा, आपण शिकलेले लोक काय वाचतो आणि हा गृहस्थ काय वाचतो. दाजींना हे ऐकायला गोड लागे. कुणाला नाही लागत?

यात खोटं एवढंच होतं, की दाजी वाचत नव्हते. त्यांची शाळा दुसरीत सुटली होती. सही येई, दुकानावरची पाटी अक्षरं जुळवून वाचता येई, पण पानभर मजकूर समोर आला की त्यांना घाम फुटे. वाचायची ती त्यांची सून, वेणू.

वेणू पनवेलचीच, सातवी पास. दाजींचा मुलगा बळीराम मोरा बंदरात लाँचवर कामाला होता, तो पंधरा दिवसांनी एकदा घरी येई. बाकीचे दिवस घरात तिघंच, दाजी, त्यांची बायको सखूबाई आणि वेणू. त्यात सून सासऱ्याशी बोलत नसे आणि सासरा सुनेशी. भांडण म्हणून नव्हे, रीत म्हणून. दाजी घरात शिरण्याआधी अंगणात खोकत. वेणू हातभर अंतरावर तांब्या घेऊन उभी असली, तरी ते बायकोला सांगत, तिला म्हणावं पाणी दे. सखूबाईला या निरोप्याच्या कामाचा वीट आला होता, पण करते काय.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी वेणू दिवेलागणीला माजघरात सासूला पुस्तक वाचून दाखवू लागली. तिच्या पेटीत एकच पुस्तक होतं. ओटीवर चिलीम ओढत बसलेल्या दाजींच्या कानावर भिंतीपलीकडून तो आवाज पडला, आणि चिलीम कधी विझली ते त्यांना कळलं नाही. बोलायला बंदी होती, वाचायला नव्हती. सुनेचा आवाज त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा नीट ऐकला. पुस्तक संपलं तशी त्यांना संध्याकाळ खायला उठली. पुढच्याच शनिवारी ते पनवेलला जाऊन वाचनालयाचे सभासद झाले आणि घरी सांगताना सखूबाईचं नाव पुढे केलं.

बाईमाणसाला काय आवडणार? ते दाजींनी मनानेच ठरवलं आणि व्रतकथा आणल्या. वेणूने त्या इतक्या मन लावून वाचल्या, की त्यांनी पुढच्या खेपेलाही त्याच आणल्या. असं दोन वर्षं चाललं. खरं सांगायचं तर दाजींना त्या कथा आळणी आमटीसारख्या लागत. शेवटी नवरा सुखरूप परत येणार हे त्यांना पहिल्या पानालाच कळे. पण त्या आवाजासाठी ते सगळं चालवून घेत. दिवसभर फावडं आणि खारं पाणी यांत घालवल्यावर त्यांना वाट बघण्यासारखं तेवढं एकच होतं.

आणि एका चैत्रात, मिठाचा हंगाम ऐन भरात असताना, संध्याकाळचं वाचन सुरूच झालं नाही. दाजींनी घसा खाकरून पाहिला. सखूबाई बाहेर येऊन म्हणाली, की तिचे डोळे दुखतात. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी वेणू त्याच कंदिलाच्या उजेडात तांदळातले बारीक खडे निवडत बसलेली दाजींनी पाहिली, आणि डोळ्यांना काही झालेलं नाही हे त्यांनी ओळखलं. मग झालं काय? आपलं काय चुकलं? त्यांचं जेवणावरून मन उडालं. सखूबाईला विचारावं तर ती म्हणे, तुमचं तुमी विचारा, मला दोघांच्या मध्ये घेऊ नका.

शनिवारी सतरंजीवर त्यांची पाळी आली, तेव्हा दाजींनी सांगितलं, की या आठवड्यात काही वाचलं नाही. मास्तरांनी कारण विचारलं. वकीलसाहेबांनी मध्येच तोंड घातलं, की तब्येत बरी नसेल, उतरलेले दिसताहेत. दाजींनी नुसतं हो म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण चार दिवस मनात कोंडलेलं होतं, ते बाहेर आलं.

"मी वाचतच नाय," ते म्हणाले. "माजी सून वाचते. मी भिंतीआडून आयकतो. तिनं आता वाचायचं टाकलंय, आन् का टाकलंय ते मला ठाव नाय."

वकीलसाहेब चष्मा पुसू लागले. दोन वर्षांची इभ्रत एका दमात गेली हे दाजींना कळत होतं, पण त्याचं त्यांना त्या घडीला काहीच वाटलं नाही. मास्तरांनी देवघेवीची वही उघडून दाजींचं पान काढलं. वरपासून खालपर्यंत व्रतकथाच होत्या. ही निवड कुणाची, असं त्यांनी विचारलं. दाजी म्हणाले, माझी. तिला आवडतात का? वाचते त्या अर्थी आवडत असतील. तिला कधी विचारलंत? यावर दाजींनी समजावून सांगितलं, की सुनेला असं कसं विचारणार, आमच्यात बोलत नाहीत.

मास्तरांना ती रीत ठाऊक होती, पण त्यांच्यात सबुरी कमी होती. त्यांनी वही मिटली.

"आज पुस्तक मिळणार नाही," ते म्हणाले. "तिला विचारून या, मग कपाट उघडतो."

रिकाम्या हातांनी दाजी बांधावरून परत निघाले. साठ वर्षांत आपल्या बापाने, आज्याने कुणी सुनेशी शब्द बोलल्याचं त्यांना आठवेना. लोक काय म्हणतील? पण लोक संध्याकाळी ओटीवर सोबतीला येत नव्हते. घर दिसू लागलं तरी ते थांबले नाहीत.

अंगणात ते खोकलेच नाहीत. चुलीपाशी बसलेल्या वेणूने दचकून पदर ओढला. काही निरोप असेल म्हणून सखूबाई पुढे आली. दाजींनी तिला हाताने थांबवलं.

"वेणू," ते म्हणाले, "वाचायचं का थांबवलंस?"

वेणूने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग खाली बघूनच म्हणाली, "तुमी घोरत होता, मामंजी."

दाजींनी सखूबाईकडे पाहिलं. तिने मान डोलावली.

"तुमाला त्या कथा आवडतात म्हणून मी वाचत होते," ती म्हणाली. "तुमी झोपायला लागल्यावर वाचायच्या कुणासाठी?"

"मला?" दाजी मटकन पाटावर बसले. "मला त्यातली एक बी आवडली नाय. तुला आवडतात म्हणून आणत होतो."

वेणूने पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलू लागले. पोरगी रडते की काय, म्हणून दाजी घाबरले. ती हसत होती, आणि तेही हसू लागले. रागावली ती एकटी सखूबाई. मला आवडायच्या, म्हणाली, पण या घरात मला कुणी विचारतं का?

मग दाजींनी मास्तरांचा राहिलेला प्रश्न विचारला, तुला काय आवडतं? वेणूने फार हळू आवाजात सांगितलं, की एखादा खून असलेलं पुस्तक मिळालं तर बघा.

असली पुस्तकं मास्तर खालच्या कप्प्यात, पाहुण्यांना दिसणार नाहीत अशी ठेवत. पुढच्या शनिवारी दाजींनी मागणी सांगताच त्यांची भुवई वर चढली, पण त्यांनी पुस्तक काढून दिलं. त्या संध्याकाळपासून वेणू माजघराच्या उंबऱ्याशी बसून वाचू लागली. शेवटचं प्रकरण आलं तशी ती थांबली आणि विचारू लागली, मामंजी, कुणी मारलं असेल? दाजी म्हणाले, दिवाणजीने. दिवा विझला होता म्हणतो, मग पत्र कसं वाचलं? दिवाणजीच निघाला. पुढच्या पुस्तकातही त्यांनी खुनी अचूक ओळखला, त्याच्या पुढच्यातही. सखूबाईसाठी अधूनमधून एखादी व्रतकथा येऊ लागली, आणि तेवढ्यापुरते दाजी घोरत.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी दाजींबरोबर वेणू स्वतः वाचनालयात आली. तिला पुस्तक आपल्या हाताने निवडायचं होतं. मास्तरांनी रीत कुणालाच माफ केली नव्हती, तिलाही केली नाही. सतरंजीवर बसून तिने काय वाचते ते सांगितलं, आणि मग मास्तरांनी का, असं विचारलं. परक्या पुरुषांसमोर ती आयुष्यात बोललेली नव्हती. आपणच उत्तर द्यावं, असं दाजींच्या मनात आलं होतं.

वेणूने पदर सारखा केला.

"खुनी कोण ते मामंजींना माझ्याआधी कळतं," ती म्हणाली. "सात पुस्तकं झाली. एकदा तरी मला त्यांना हरवायचंय."

सगळी सतरंजी हसली. मास्तरही हसले, आणि वहीचं कोरं पान काढून त्यावर त्यांनी वेणूचं नाव घातलं. दाजींचे डोळे भरून आले होते. त्यांनी ते लपवले नाहीत.

"माजी सून हाय," ते शेजारी बसलेल्या वकीलसाहेबांना म्हणाले.

वकीलसाहेबांना ते ठाऊक होतं, तरी ते म्हणाले, "असं?"